उपासाची थाळी, ईदचा चंद्र आणि विनोदाची घडण

‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण मराठी घरात कोणाला समजावून सांगावी लागत नाही. ज्याने उपासाचे पान कधी पाहिलेच नाही, त्याला मात्र ती सांगायची झाली तर आधी बरेच काही सांगावे लागते. उपास म्हणजे निराहार राहणे असे मूळ अभिप्रेत असले तरी व्यवहारात त्याचा अर्थ ‘अमुक पदार्थ खायचे नाहीत’ एवढाच उरला आहे. गहू, तांदूळ आणि डाळी वर्ज्य असल्या तरी साबुदाणा, बटाटा, रताळे, शेंगदाणे, राजगिरा आणि आमच्या मालव्यात ज्याला मोरधन म्हणतात ती भगर चालते. आणि या चालणाऱ्या पदार्थांची खिचडी, कीस, थालीपीठ, आमटी आणि लाडू करून जे पान वाढले जाते ते रोजच्या वरणभातापेक्षा जड असते. एवढे ठाऊक असलेला माणूस म्हण ऐकताच हसतो, ज्याला ठाऊक नाही तो नुसता बघत राहतो. धर्म, समाज आणि सणवार यांच्यावरचे विनोद कसे चालतात याचा विचार करताना मला हाच धागा सर्वांत उपयोगी वाटत आला आहे: एखादा विनोद समजण्यासाठी ऐकणाऱ्याला त्या समाजाविषयी नेमके काय माहीत असावे लागते?

उपासाच्या थाळीकडे थोडे जवळून पाहण्यासारखे आहे. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो टॅपिओका, बटाटा, रताळे, शेंगदाणा, हिरवी मिरची आणि राजगिरा यांपैकी एकाही पिकाचे मूळ आपल्याकडचे नाही. ही सगळी अमेरिका खंडांतली पिके आहेत आणि १४९२ नंतर युरोपीय जहाजांबरोबर ती जगभर पसरली. उपासाचे नियम ज्या काळात ठरले त्या काळात हे पदार्थ इकडच्या कोणाला माहीतच नव्हते, त्यामुळे वर्ज्य पदार्थांच्या यादीत त्यांचे नाव असण्याचा प्रश्नच नव्हता, आणि जे वर्ज्य नाही ते चालते, या न्यायाने ते थेट देवघरापर्यंत पोहोचले. नियमाचा हेतू पोट हलके ठेवण्याचा होता, नियमाची अक्षरे धान्यापुरती होती, आणि माणसाची भूक हेतू आणि अक्षरे यांच्यामधल्या फटीतून बरोबर वाट काढून गेली. सणावरच्या बहुतेक चांगल्या विनोदांचे घर ही फट हेच असते. त्यात देवाची थट्टा नसते, श्रद्धेचीही नसते. नियम पाळण्याची मनापासून इच्छा असलेल्या आणि तरीही खिचडीचा वास आल्यावर विरघळणाऱ्या माणसाची ती थट्टा असते, आणि तो माणूस बहुधा सांगणारा स्वतःच असतो.

भाषेच्या अंगाने विनोदाचा अभ्यास करणारे व्हिक्टर रस्किन यांनी १९८५ मध्ये मांडलेला विचार इथे नेमका लागू पडतो. त्यांच्या मते विनोदाचा मजकूर एकाच वेळी दोन परस्परविरोधी चौकटींत बसतो. ऐकणारा पहिल्या चौकटीत शिरतो, आणि शेवटच्या वाक्याने त्याला अचानक दुसऱ्या चौकटीत नेले की हसू फुटते. ‘आज काही स्वयंपाक नाही हो, उपास आहे; नुसती खिचडी, रताळ्याचा कीस, दाण्याची आमटी आणि दोन लाडू, एवढ्यावरच भागवायचे’ या वाक्यात पहिली चौकट त्यागाची आहे आणि दुसरी मेजवानीची; ‘एवढ्यावरच’ म्हणताच दोन्ही एकमेकींवर आदळतात. मात्र या दोन्ही चौकटी ऐकणाऱ्याच्या डोक्यात आधीपासून असाव्या लागतात, विनोद त्या तिथे निर्माण करत नाही.

इंदूरसारख्या गावात या चौकटी एकमेकींना खेटून उभ्या असतात, आणि म्हणूनच इथे अशा विनोदाला खाद्य भरपूर मिळते. भाद्रपदातलेच बघा. गणेश चतुर्थीपासून अनंत चतुर्दशीपर्यंत आमच्याकडे मोदक, आरास आणि आरत्या चालू असतात, आणि जवळजवळ त्याच दिवसांत, शुद्ध पंचमीपासून चतुर्दशीपर्यंत, दिगंबर जैनांचे दशलक्षण पर्व असते. एका घरात दुसऱ्यांदा तूप वाढले जात असते आणि भिंतीपलीकडे दहा दिवसांचे कडक व्रत चालू असते. जैन आचारात कंदमुळे एरवीही वर्ज्य. त्यामुळे आमच्या उपासाचा सारा भार ज्या बटाट्यावर आणि रताळ्यावर आहे तो त्यांच्याकडे बाराही महिने चालत नाही. आमच्या शेजारच्या जैन भाभी माझ्या एकादशीच्या ताटाकडे पाहून एकदा म्हणाल्या होत्या, ‘आप लोग व्रत में जो खाते हो, वो तो हमारे यहाँ बिना व्रत के भी पाप है।’ या एका वाक्याने दोन्ही घरांचे नियम उघडे केले आणि दोन्ही घरांना सारखेच हसवले. त्यात कोणी वरचढ ठरले नाही, कारण वाक्याचा पाया दोन्हीकडच्या खऱ्या आचारात होता.

चंद्राचेही तसेच. संकष्टीला चंद्रोदयाची वेळ पंचांगात किंवा कालनिर्णयमध्ये छापलेली असते, आणि श्रावण-भाद्रपदात आभाळ गच्च भरलेले असले तरी छापील वेळ झाली की आम्ही आभाळाच्या दिशेने अर्घ्य देऊन पान घेतो. सुन्नी मुसलमानांची ईद मात्र प्रत्यक्ष चंद्रदर्शनावर ठरते, म्हणून एकोणतिसाव्या रोज्याच्या संध्याकाळी सारी वस्ती गच्चीवर असते. इंदूरच्या सियागंज बाजारात बिजागऱ्या आणि कड्या घेताना मी हा फरक दुकानदारांना बोलून दाखवला आणि म्हटले की आमचा चंद्र कॅलेंडरात उगवतो, तुमचा आकाशात. दुकानदार दाऊदी बोहरा, म्हणजे शिया मुसलमानांतल्या एका पंथाचे होते. त्यांनी बिजागऱ्या मोजता मोजता मान वर न करता उत्तर दिले, ‘भाभी, हमारा चाँद भी किताब में ही निकलता है। आसमान वाले बगल की दुकान पर हैं।’ बोहरा समाजाचे वर्ष गणिताने आखलेल्या दिनदर्शिकेवर चालते आणि म्हणून त्यांची ईद अनेकदा इतरांच्या एक-दोन दिवस आधी होते. त्यामुळे चंद्राच्या बाबतीत संकष्टी करणारी मराठी बाई आणि बोहरा व्यापारी एका बाजूला आले, आणि शेजारचा सुन्नी दुकानदार दुसऱ्या बाजूला गेला. ‘हिंदू’ आणि ‘मुसलमान’ या दोन ढोबळ खणांत ही गोष्ट मावतच नाही, आणि तिची खरी गंमत त्यातच आहे.

आता दुसऱ्या प्रकारचा विनोद घेऊ. अमुक समाजाचे लोक चिक्कू, तमुक समाजाचे बावळट, अशा एका गृहीतावर उभे असलेले किस्से आपण सर्वांनी ऐकलेले आहेत. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ क्रिस्टी डेव्हिस यांनी जगभरातून असे विनोद गोळा केले आणि १९९० मध्ये दाखवून दिले की बावळटपणाचे विनोद इंग्लंडमध्ये आयरिश लोकांवर, फ्रान्समध्ये बेल्जियन लोकांवर, अमेरिकेत पोलिश लोकांवर आणि भारतात शिखांवर सांगितले जातात, तर कंजूषपणाचे विनोद स्कॉटिश लोकांवर; किस्से पुष्कळदा तेच असतात, फक्त नाव बदलते. आपल्याकडे तेच किस्से महाराष्ट्रात कोकणस्थांवर आणि देशभर मारवाड्यांवर सांगतात, आणि इंदूरच्या हिंदीभाषक मित्रमंडळींत चहाच्या अर्ध्या कपाचा तोच किस्सा आम्हा मराठी माणसांवर सांगतात. अशा किस्स्यात मारवाडी काढून कोकणस्थ घातला, कोकणस्थ काढून स्कॉट घातला, तरी त्याचा एक टवकाही उडत नाही. याचा अर्थ तो किस्सा मारवाड्याविषयी कधी नव्हताच. त्यात मारवाड्याचे व्रत नाही, स्वयंपाकघर नाही, हिशेबाची वही नाही, देव नाही. ऐकणाऱ्याला फक्त एक शिक्का ठाऊक असला की पुरते, आणि प्रत्येक हशाबरोबर तो शिक्का थोडा अधिक घट्ट बसतो.

उपासाच्या विनोदाची तशी अदलाबदल करून पाहावी. एकादशीच्या जागी रोजा घातला तर तो कोसळतो, कारण रोज्यात काय खावे हा प्रश्न नसून केव्हा खावे हा असतो. तिथला विनोद वेळेच्या भोवती जन्मतो: सहरीला न उठलेला मुलगा, इफ्तारला घड्याळाशी भांडणारे काका, आणि चाँदरातीला सगळा मोहल्ला चंद्र दिसावा म्हणून दुआ मागत असताना चंद्र उद्या दिसावा म्हणून मनातल्या मनात दुआ मागणारा शिंपी, कारण त्याच्याकडे बारा कुर्ते अजून काज-बटणाविना पडलेले असतात. (या शिंप्याचा सख्खा भाऊ दिवाळीच्या आदल्या दिवशी आमच्या घराजवळच्या दुकानात भेटतो, पण तो विनोद धर्माचा नसून धंद्याचा आहे.) ज्या विनोदात नाव बदलले की विनोद मोडतो, तो त्या समाजाच्या जगण्यातून आलेला असतो, ही माझी कसोटी आहे. ती सगळीकडे पुरेशी पडते असा माझा दावा नाही, कारण एखाद्याच्या आचाराची बारीक माहिती काढून त्याच माहितीने त्याला टोचणारे लोकही असतात. तरी निम्म्याहून अधिक घाण या चाळणीत अडकते असा माझा अनुभव आहे.

सरदारजींच्या विनोदांचे उदाहरण थोडे थांबून पाहायला हवे, कारण त्यांना ‘निरुपद्रवी’ म्हणण्याची आपल्याला फार सवय झाली आहे. बाराच्या ठोक्याचा तो एक शब्दप्रयोग शाळेतल्या शीख मुलाने रोज ऐकायचा आणि रोज हसून सोडून द्यायचा, अशी आपली अपेक्षा असते. २०१५ मध्ये एका शीख महिला वकिलांनी असे विनोद प्रसारित करण्यावर बंदी घालावी म्हणून सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि त्यांच्या मुलांना होणाऱ्या त्रासाचा मुद्दाही त्यात आला. २०१७ मध्ये न्यायालयाने, नागरिकांनी कसे वागावे याचे नैतिक नियम आम्ही घालून देऊ शकत नाही, अशी भूमिका घेतली. मला ती भूमिका योग्य वाटते, आणि त्याबरोबरच त्या मुलांचा त्रासही खरा वाटतो. न्यायालयाने नियम घातला नाही म्हणजे विचार करण्याची जबाबदारी आपल्याकडे आली.

विनोद कोण सांगतो, यावर मनोविश्लेषक फ्रॉइड यांनी १९०५ मध्ये लिहिले तेव्हा त्यांच्यासमोर व्हिएन्नातला ज्यू समाज होता आणि ते स्वतः त्याच समाजातले होते. त्यांचे निरीक्षण असे की ज्यूंनी ज्यूंवर केलेल्या विनोदांत स्वतःच्या खऱ्या दोषांची जाण असते आणि त्या दोषांचे गुणांशी असलेले नातेही दिसते. बाहेरच्यांनी केलेले विनोद बहुतेक वेळा केवळ दांडगे असतात, कारण बाहेरच्याला ज्यू माणूस दिसला एवढेच हसायला पुरते. एकाच वाक्याचे वजन सांगणाऱ्याच्या तोंडाप्रमाणे कसे बदलते याची यापेक्षा नेमकी मांडणी मी वाचलेली नाही. पण बाहेरच्याने कधी बोलूच नये, असा निष्कर्ष काढणे मला घाईचे वाटते. मानववंशशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राऊन यांनी १९४० मध्ये थट्टेच्या नात्यांविषयी लिहिले: काही नात्यांत थट्टा करण्याची मुभाच नव्हे तर रीत असते, आणि समोरच्याने राग मानायचा नसतो. मेहुणीने जिजाजींचे बूट लपवावेत, वहिनीने दिराला चिडवावे, हे आपण रोज पाहतो. दोन समाजांतही अशी नाती तयार होतात, पण ती एकमेकांच्या घरी जाऊन-येऊन होतात, आणि त्यात उलट उत्तर देण्याचा हक्क दोघांनाही सारखाच असतो. सियागंजातल्या दुकानदाराला माझे वाक्य परतवता आले, कारण दुकान त्यांचे होते आणि मी अनेक वर्षांची गिऱ्हाईक होते. वर्गातल्या एकट्या शीख मुलाला ते परतवता येत नाही.

सणांनी स्वतःच हसण्यासाठी एक दार उघडे ठेवलेले असते. शिमग्याची बोंब ही तर धर्माने दिलेली परवानगीच. वर्षभर जे तोंडातून काढायचे नाही ते त्या एका दिवशी होळीभोवती मोठ्याने ओरडायचे. पंधराव्या-सोळाव्या शतकात जर्मन प्रदेशातले धर्मगुरू ईस्टरच्या प्रवचनात श्रोत्यांना हसवण्यासाठी गमतीदार गोष्टी सांगत, आणि ज्यूंच्या पुरीम सणात सोंगे आणि प्रहसने असतात. आमच्या इंदुरात धुळवडीपेक्षा रंगपंचमीचा थाट मोठा, कारण त्या दिवशी राजवाड्यावरून गेर, म्हणजे रंग उधळत जाणारी मिरवणूक निघते, टँकरमधून रंगीत पाण्याचे फवारे उडतात, आणि कोण कोणत्या धर्माचा, जातीचा, पदाचा हे त्या गुलालात ओळखूही येत नाही. आदल्या रात्रीच्या बजरबट्टू संमेलनात शहरातली नामवंत मंडळी विचित्र वेष करून लोकांसमोर येतात आणि स्वतःची टर उडवून घेतात. उज्जैनला १ एप्रिलला टेपा संमेलन असते, तिथेही मोठ्या माणसांना मूर्खपणाचे मान मिळतात. या सर्व ठिकाणी थट्टेची दिशा पाहण्यासारखी आहे. ती खालून वर जाते, तिला ठरलेली वेळ असते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे पुन्हा कामाला लागतात.

मराठीत याचे सर्वांत धीट उदाहरण एकनाथांचे आहे. सोळाव्या शतकात पैठणला बसून त्यांनी हिंदू-तुर्क संवाद लिहिला (तुर्क म्हणजे मुसलमान), आणि त्यात दोघे एकमेकांच्या श्रद्धांवर अक्षरशः तुटून पडतात. तुर्क पुराणांतल्या देवांच्या कथांवर आणि सोवळ्या-ओवळ्यावर बोट ठेवतो. हिंदू विचारतो की देव सगळीकडे आहे तर मग प्रार्थनेला एकच दिशा का. कोणालाही सवलत नाही. पण नाथांनी दोघांच्या हाती सारखीच शस्त्रे दिली, दोघांना एकमेकांच्या धर्माची माहिती दिली, आणि शेवटी दोघांना एकमेकांना नमस्कार करून आलिंगन द्यायला लावले. भांडण पूर्ण झाल्याशिवाय मिठी नाही, आणि मिठीवाचून भांडण नाही, अशी ती रचना आहे. आज त्यातला फक्त एका बाजूचा संवाद कापून कोणी पुढे पाठवला, तर ते विष होईल.

आणि आज नेमके तसेच घडते. दिवाणखान्यात सांगितलेल्या विनोदाला चेहरा असतो, आवाज असतो, समोरच्याचे तोंड पडले तर थांबण्याची सोय असते. मोबाइलवर आलेल्या विनोदाचा सांगणारा गळून पडलेला असतो. जैन मित्राने जैनांच्या गटात टाकलेले वाक्य चार गटांमधून फिरत जेव्हा सोसायटीच्या गटात येते, तेव्हा ते आतल्याचे राहिलेले नसते. डेव्हिस यांचे म्हणणे असे की विनोद समाजाचे तापमान दाखवतो, ते वाढवत नाही. पुढे मानसशास्त्रज्ञ थॉमस फोर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगांनी त्यात महत्त्वाची भर घातली: ज्याच्या मनात आधीच आकस आहे त्याला असे विनोद ऐकल्यावर भेदभाव अधिक चालवून घेण्याजोगा वाटू लागतो. आकस विनोदाने निर्माण होत नसेल, पण आकसाला ‘इथे हे चालते’ अशी खूण त्यातून मिळते, आणि एखाद्या गटात हसण्याच्या दहा पिवळ्या चेहऱ्यांनी ती खूण पक्की होते.

कायद्याने हे सुटेल असे मला वाटत नाही. १९२७ मध्ये दंडसंहितेत आलेले २९५अ कलम, जे आता भारतीय न्याय संहितेत २९९ क्रमांकाने आहे, ते जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेल्या धर्माच्या अपमानापुरते आहे. १ जानेवारी २०२१ रोजी आमच्याच शहरातल्या एका कॅफेत मुनव्वर फारुकी या विनोदी कलाकाराला याच कलमासह अटक झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने ५ फेब्रुवारीला अंतरिम जामीन देईपर्यंत ते तुरुंगात होते. त्या दिवशी त्या मंचावर आक्षेपार्ह विनोद झाला होता का, हाच मुळात वादाचा मुद्दा होता. विनोदाची घडण समजून घेण्याचे काम पोलीस ठाण्यात होत नाही. ते घरात, शाळेत आणि आमच्यासारख्या गणेशोत्सव मंडळांत व्हायला हवे, म्हणून शेवटी एक ताजी गोष्ट सांगते.

आमच्या कॉलनीच्या गणेशोत्सवात मुलांचे एक छोटे प्रहसन असते आणि ते बसवण्याचे काम माझ्याकडे असते. यंदाच्या संहितेत एक कंजूष शेठजी होते, जे प्रत्येक वाक्यात पैसे वाचवत होते आणि ज्यांच्या जागी कोणीही चालला असता. मुलांना ते पात्र आवडले होते, म्हणून मी ते काढले नाही. कंजूषपणा काढला आणि त्यांना दशलक्षण पर्वात सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपण्याची धावपळ दिली, आणि पाने शेजारच्या भाभींना वाचायला दिली. त्यांनी दोन मिनिटांत सांगितले की हे चुकले आहे, कारण त्या दिवसांत त्यांच्या घरी एकाशन असते: दिवसातून एकदाच, एकाच बैठकीत जेवायचे, आणि पानावरून उठले की त्या दिवसाचे जेवण संपले. मग घाई कसली? त्यांचे सासरे त्या दिवसांत उलट करत. जेवण झाले तरी आसनावरून उठतच नसत. तिथेच बसून आख्खा पेपर वाचत, आल्यागेल्याशी बोलत, आणि तासाभराने सुनेला हाक मारून म्हणत, ‘बहू, मैं अभी उठा नहीं हूँ, ज़रा एक रोटी और।’ तो प्रवेश आम्ही आता असाच बसवत आहोत, आणि शेठजींचे काम भाभींचा नातू करणार आहे.